फरकाची फ्लॉपी

चूक माझी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण ठाकुर्लीत अजून काही शहाणे आहेत, लग्नपत्रिकेचा विषय निघाला की माझ्याकडे बघून दात काढतात. काढा बाबांनो. सत्त्याण्णव सालच्या वैशाखात काय झालं ते मला माहीत आणि कल्याणच्या भगवानशेठला माहीत. भगवानशेठ तर अजून म्हणतो की चूक त्याचीही नव्हती.

आमच्या आगऱ्यांची लग्नपत्रिका ज्याने बघितली नाही त्याला हे कळणं कठीण आहे. नवरा-नवरीची नावं पहिल्या पानावर दोन ओळींत संपतात. मग शेवटचं पान उघडायचं, तिथे भावकी. चुलते, चुलतचुलते, मामे, आत्यांचे नवरे, जावई, सुना, आणि सगळ्यात खाली ‘आपले आगमनाभिलाषी’ म्हणून घरची माणसं. मुंगीएवढ्या अक्षरांत कागद काळा होतो. त्यातलं एक नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला फिरकत नाही, आणि पुढे त्याच्या पोराच्या पत्रिकेत तुमचं नाव शोधायला भिंग लागतं. मी स्टेशनबाहेर डीटीपीचं दुकान टाकलं तेव्हा आई म्हणालेली, “मंजुळे, अर्ज टाईप कर, झेरॉक्स काढ, पण पत्रिका घेऊ नको. फुकट जोडे खाशील.” आणि दुकान चाललं कशावर? पत्रिकांवरच.

पत्रिका मी माझ्या कॉम्प्युटरवर लावायची आणि छपाई व्हायची कल्याणला, टिळक चौकाजवळ भगवानशेठच्या प्रेसमध्ये. त्याच्याकडेही कॉम्प्युटर होता. त्रास एकच, फ्लॉपी. भावकीच्या पानावर वारलेल्या आईबापांचे फोटो, कोपऱ्यात एकवीरा आई, चारी बाजूंनी तोरण. ही चित्रं मिळून पान एवढं जड व्हायचं की एका फ्लॉपीत मावायचं नाही. तुकडे करून फ्लॉप्यांची चळत न्यायची, आणि तिथे पोचल्यावर त्यातली एक हमखास उघडायची नाही. की परत ठाकुर्ली, परत कल्याण. माझी अर्धी उमर त्या दोन स्टेशनांत जाणार असं वाटायला लागलेलं.

तेव्हा डोंबिवलीचे एक इंजिनीअर माझ्याकडे अर्ज टाईप करून घ्यायला यायचे. माझी बडबड ऐकून म्हणाले, “अहो, दर वेळी अख्खं घर उचलून कशाला नेता? घर तिथे आहेच. बदललेली खिडकी तेवढी न्या.” आणि त्यांनी मला एक छोटा प्रोग्राम आणून दिला. त्याला जुनं पान दाखवायचं, नवं पान दाखवायचं. तो दोन्ही वरून खाली ताडून बघायचा आणि फक्त फरक लिहून काढायचा: अमक्या जागची ओळ काढा, तमक्या जागेनंतर ही घाला. बस. एवढंच फ्लॉपीत टाकायचं. कल्याणला जुनं पान ठेवलेलंच असायचं, त्याच्यावर हा फरक चढवला की तिथल्या तिथे नवं पान तयार. फोटो, देवी, तोरण, कशालाही हात लावायला नको. मी त्याला ‘फरकाची फ्लॉपी’ म्हणायला लागले.

साहेबांनी एक अट मात्र घसा कोरडा करून सांगितलेली. “जुनं पान दोन्हीकडे हुबेहूब एकच हवं. तुमचं एक आणि त्यांचं दुसरं असं झालं, तर हा प्रोग्राम काही विचारायचा नाही. सांगितलेल्या जागी सांगितलेलं करून मोकळा होईल.” मी म्हटलं, न व्हायला काय झालं? माझ्याकडून गेलेला प्रत्येक फरक भगवानशेठ चढवणारच ना.

आणि आमच्या पत्रिकांना हे असं फिट्ट बसलं म्हणून सांगू! मोठीच्या लग्नाची पत्रिका असली की धाकटीच्या वेळी भावकीचं पान तेच. कोणी वारलं तर ‘श्री.’ जाऊन ‘कै.’ येतं, एखादी सून वाढते, एखादा जावई वाढतो. फरक तेवढा पाठवा, काम फत्ते.

आता दामाजीदादाचं सांगते. दामाजीदादा आमच्याच गावातला, भावकीत माझा लांबचा भाऊ लागतो. त्याचा सख्खा धाकटा भाऊ पंढरी. दोघांची घरं समोरासमोर, मधे एक अंगण. दामाजीदादाच्या मोठ्या मुलीचं लग्न चौऱ्याण्णवला झालं, तिची पत्रिका मीच केलेली. ‘आगमनाभिलाषी’मध्ये सगळ्यात शेवटची ओळ होती पंढरी आणि सौ. मालू यांची. पंढरीला मूलबाळ नाही. दामाजीदादाची धाकटी रतन वाढली ती मालूवहिनीच्याच ओट्यावर. खायला तिथे, झोपायला तिथे, शाळेतून आली की दप्तर आधी काकीच्या घरात पडायचं.

पुढे रेल्वे फाटकाजवळची जमीन बिल्डरला द्यायचं दामाजीदादाने ठरवलं. पंढरीने सही केली, पण मनापासून नाही. आणि सगळी पंच मंडळी बसलेली असताना बोलून गेला, “दादा, आज तू आईबापाला विकलंस.” झालं. दामाजीदादाला ते शब्द असे लागले की त्याने तिथल्या तिथे सांगितलं, माझ्या दारात पाऊल टाकू नको. अंगण तेच, पण दोघेही ओलांडेनात. मालूवहिनी मधल्या मधे रडायची आणि रतन चोरून तिच्याकडे जायची.

नवा बंगला झाला तेव्हा वास्तुशांतीची पत्रिका करायला दामाजीदादा दुकानात आला. पंच्याण्णवचा भाद्रपद, गणपती नुकतेच गेलेले. रतन बरोबर होती. “पहिलं पान नवं कर,” तो म्हणाला. “भावकीचं तेच घे. फक्त पंढऱ्याची ओळ काढ.”

“दादा, एकदा विचार कर,” मी म्हटलं.

“तू टायपिंगवाली हाईस ना? मग टाईप कर.”

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. ओळ काढली. पंढरी गेला आणि त्याच्याबरोबर मालूवहिनीही गेली, कारण दोघांची ओळ एकच. रतन पडद्याकडे बघत होती. मी फरकाची फ्लॉपी कल्याणला पाठवून दिली.

ती वास्तुशांती काही तेव्हा झाली नाही. त्याच पितृपक्षात मालूवहिनी काविळीने गेली. भाऊ बोलत नसले म्हणून सुतक थोडंच चुकतं? दामाजीदादाचं सगळं लांबणीवर पडलं. मी भगवानशेठला फोन केला, काम रद्द. मालूवहिनीच्या मातीला दामाजीदादा गेला, बाजूला झाडाखाली उभा राहिला आणि पंढरीच्या ओट्याला पाय न लावता घरी आला. मला त्याचा इतका राग आलेला की महिनाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. पुढे मार्गशीर्षात त्याने पत्रिका न छापताच, तोंडी आमंत्रणं देऊन वास्तुशांती उरकली.

मग सत्त्याण्णवला रतनचं लग्न ठरलं. नवरा कल्याणजवळच्या मोहने गावचा, माणसं चांगली. दामाजीदादा पत्रिकेसाठी आला, भावकीच्या पानात काय काय बदलायचं ते सांगितलं. वरच्या ओळींत दोन नवे जावई आले, एका चुलत्याचं ‘कै.’ झालं. पंढरीचं नाव त्यानेही काढलं नाही आणि मीही नाही. माझ्या पानावर ती ओळ नव्हतीच. मी कच्चा कागद काढून दिला, त्याने बोट लावून लावून वाचला आणि ठीक आहे म्हणाला.

तो गेल्यावर रतन मागे राहिली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी.

“आत्या, काकाचं नाव घालशील?”

“तुझ्या बापाला विचार.”

“तो ऐकणार हाय का? काकी गेल्यापासून काका एकटाच चूल पेटवतो. कोणाकडे जेवायलापण जात नाय. मना दागिने नको, मना काय नको. माझ्या हळदीला काका मांडवात नसला ना, तर मी हळद लावून घेणार नाय, सांगून ठेवते.”

मी तिला जवळ घेतलं, पण शब्द दिला नाही. “पोरी, तुझ्या बापाने सांगितल्याशिवाय मी एक काना-मात्रा हलवणार नाही. एकदा मी असं करायला लागले की भावकीत कोण माझ्यावर विश्वास ठेवील?” डोळे पुसत गेली. मला काय बरं वाटलं होय? पण दुकान माझं, नियम माझा. फरकाची फ्लॉपी कल्याणला गेली.

पत्रिका छापून परस्पर दामाजीदादाच्या घरी पोचल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा उघडून बसलेली, तर रतन धावत आली आणि मागून माझ्या गळ्यातच पडली.

“आत्या, तू ऐकलंस माझं!”

“काय ऐकलं? घास अडकेल माझा, सोड.”

“काकाचं नाव ठेवलंस ना! आणि काकीचंपण. मी हळदकुंकू लावायला पत्रिका उघडली आणि बघतच राहिले. बाबाला अजून म्हाईत नाय, तो वाचत नाय परत.”

मी तिच्या हातातली पत्रिका ओढून घेतली. भावकीचं पान, सगळ्यात खाली, शेवटची ओळ: पंढरी आणि सौ. मालू. वर दोन्ही जावई जागच्या जागी, चुलत्याचं ‘कै.’ जागच्या जागी. बाकी सगळं चोख. मी कॉम्प्युटरवर पान उघडलं, तिथे ती ओळ नाही. पुन्हा पत्रिका बघितली, तिथे आहे. अगं आई! माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

भगवानशेठला फोन लावला. “शेठ, पंच्याण्णवच्या गणपतीनंतर मी दामाजीदादाची फ्लॉपी पाठवलेली. वास्तुशांतीची. ती चढवलेली का?”

“थांबा, बघतो.” ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, खूप काहीबाही चाळल्याचा आवाज आला. “ही काय, इथेच आहे. पक्षात आली होती ती.”

“मग चढवली का नाही?”

“मंजुळाबाई, पितृपक्षात वास्तुशांतीचं काम? माझ्या वडिलांनी कधी केलं नाही, मी कसं करीन? म्हटलं पक्ष संपला की बघू. आणि संपायच्या आधी तुमचाच फोन आला, काम रद्द.”

“अहो छपाई रद्द! फरक रद्द नव्हता!”

“ते मला कसं कळायचं?” शेठ म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याचंही बरोबर होतं. म्हणजे दीड वर्ष माझ्याकडचं पान वेगळं आणि त्याच्याकडचं वेगळं. नवा फरक जुन्या पानावर चढला. बदल सगळे वरच्या ओळींत, पंढरीची ओळ सगळ्यात खाली, म्हणून काहीच हललं नाही. हलून सगळा गोंधळ झाला असता तरी परवडलं असतं, निदान शेठला दिसलं असतं. हे इतकं व्यवस्थित चुकलेलं की कोणाच्या लक्षात येण्याची सोय नाही. शेठ बिचारा म्हणाला, मी रातोरात नवीन छापून देतो, तुम्ही फक्त सांगा.

फोन ठेवला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात त्या ‘सौ.’चा उजेड पडला. जाऊन दुसरं वर्ष लागलेल्या बाईला आम्ही सवाशीण करून लोकांना लग्नाला बोलवत होतो. पंढरीने हे वाचलं तर? त्या माणसाने अजून तिचं लुगडं दांडीवरून काढलेलं नाही, गावाला माहीत आहे.

“रतन, ही पत्रिका अजून कोणाला दिली नाही ना?”

“काकाला दिली,” ती म्हणाली. “देवाला ठेवली आणि दुसरी त्याला. घरी नव्हता, दारातून आत सरकवली.”

दुकानाचं शटर ओढलं आणि तिला घेऊन तशीच निघाले. चपलेचा अंगठा तुटला वाटेत, तशीच फरफटत गेले. दामाजीदादा बंगल्याच्या पायरीवर बसून पत्रिकांचे गठ्ठे गावागावाप्रमाणे लावत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने एक पत्रिका उचलली, खालची ओळ वाचली, आणि त्याच्या मानेची शीर टरारून आली.

“पेटव सगळ्या,” तो म्हणाला. “तुझी मशीनपण पेटव.”

“मशीनने काय केलं? शेठने पक्ष पाळला!”

“मग शेठला पेटव!”

“बाबा,” रतन म्हणाली, “काकाला दिली मी.”

दामाजीदादाने हातातली पत्रिका खाली ठेवली. मला वाटतं घाबरलाच. भांडण झालेल्या माणसाला तोंड देता येतं. बायको गेलेल्या माणसाच्या दारात तिच्या नावाची पत्रिका टाकली, त्याला काय तोंड देणार? तो उठला, परत बसला. “त्याला सांगायला पायजे,” एवढंच म्हणाला. पण अंगण ओलांडायला काही उठेना. आणि तेवढ्यात समोरचं दार उघडून पंढरीच बाहेर आला.

हातात पत्रिका होती. अंगावर धुतलेला सदरा. अंगण ओलांडून आला आणि पायरीपासून जरा लांब उभा राहिला. वाळलेला केवढा! रतन माझ्या दंडाला धरून उभी, तिची नखं मला रुतत होती. आता हा शिव्या देणार, आणि द्याव्यातच, असं माझ्या मनात आलं.

दामाजीदादाने सरळ सांगून टाकलं. दादाला राग येतो, पण खोटं बोलता येत नाही. “पंढऱ्या, ते नाव मी घातलेलं नाय. ही मंजुळा हाय, विचार तिला. जुन्या पत्रिकेतलं तसंच राह्यलं. तुला दुखवायला कोणी केलं नाय.”

माझ्या हातावरची रतनची पकड सुटली. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“मना म्हाईत हाय,” पंढरी म्हणाला. “तू कशाला घालशील? आणि घालायचं असतं तर तिच्या नावापुढे सौ. घातलं असतंस का? मी वाचलं तेव्हाच समजलो, कायतरी चुकलंय.”

“मग कशाला आयलास?”

पंढरीने पत्रिका उघडली. भावकीचं पान वर केलं. त्याचं बोट त्या ओळीवर होतं.

“दादा, तुझं बोलावणं असतं ना, तर मी आलो नसतो. मेलो तरी आलो नसतो. पण हे तुझं नाय, तिचं हाय. रतनच्या लग्नाला या, म्हणून तिनं लिवलंय. आता ती बोलावते आणि मी घरात बसून राहू? तिला कधी नाय म्हटलं नाय मी, आता कसा म्हणू?”

मी रडले. सांगायला लाज कसली? ढसाढसा रडले. रतन भिंतीपासून वळली आणि काकाच्या छातीवर जाऊन आदळली, आणि तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. दामाजीदादा पायरीवर तसाच बसून. मग सरकला आणि बाजूची पायरी हाताने झाडली. पंढरी येऊन तिथे बसला. दोघांच्या मधे पत्रिकांचे गठ्ठे.

मला आपली धंद्याची सवय, मला राहवेना. नाक पुसलं आणि म्हटलं, “दादा, भगवानशेठ नवीन छापून द्यायला तयार आहे. पंढरीदादाचं नाव ठेवू, आणि वहिनीचं ‘कै.’ करून वरच्या ओळीत घेऊ. रीतसर होईल.”

“नको,” दामाजीदादा म्हणाला.

“अरे पण दादा, सौ. आहे तिथे. मोहन्याची माणसं वाचतील, गाव वाचेल. लोक विचारतील तुला.”

दामाजीदादाने एक गठ्ठा उचलून पंढरीच्या मांडीवर ठेवला, वाटायला.

“विचारू देत,” तो म्हणाला. “सांगीन, मालूनं बोलावलंय.”